चित्रपट आपला, शब्द कोणाचे?

स्वतंत्र चित्रपट म्हणजे काय, याचे उत्तर आपल्याकडे बहुधा पैशाच्या हिशेबात दिले जाते. ज्या चित्रपटामागे मोठ्या कंपनीचे भांडवल नाही, ज्यात बाजारात चालणारे नट नाहीत, जो दिग्दर्शकाने कर्ज काढून, मित्र गोळा करून पुरा केला, तो स्वतंत्र. ही व्याख्या चुकीची नाही; पण ती अर्धी आहे. चित्रपट तयार होणे ही पहिली पायरी झाली. तो कोठे दाखवला जातो, कोण पाहतो आणि पाहिल्यावर त्याच्याविषयी कोण काय लिहितो, यावर समाजाच्या मनात त्याचा अर्थ ठरतो. पैसा स्वतःचा आणि अर्थ दुसऱ्याने लावलेला, अशी स्थिती असेल तर ते स्वातंत्र्य अर्धेच म्हटले पाहिजे. आपल्या जगण्यावरच्या चित्रपटांच्या बाबतीत आज हेच घडते आहे, असे माझे म्हणणे आहे.

दलित साहित्याच्या वाचकाला हा प्रश्न नवा वाटू नये. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. १९६३ साली बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तो विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. ढसाळांच्या जगातले शब्द आपल्याला कळत नाहीत, ही गोष्ट तेंडुलकरांनी त्या प्रस्तावनेत लपवली नाही. न कळणारे विचारून घेण्याचा हा प्रामाणिकपणा सर्वांनी दाखवला असता तर फार वाद झाले नसते. परंतु प्रस्थापित समीक्षेने या साहित्याला प्रचारकी म्हटले, एकसुरी म्हटले, कलात्मक अंतर नाही म्हणून हिणवले. आपल्या चळवळीने त्यावर रुसून बसण्याचा मार्ग पत्करला नाही. तिने स्वतःची नियतकालिके काढली, स्वतःचे समीक्षक घडवले आणि साहित्याचे निकष कोणी ठरवायचे हाच वादाचा मुद्दा केला. लेखक आणि समीक्षक एकाच वस्तीतून, कित्येकदा एकाच वसतिगृहातून आले. म्हणून दलित साहित्य टिकले. चित्रपटाच्या बाबतीत यातले पहिले काम सुरू झाले आहे. दुसरे काम अजून व्हायचे आहे.

हे दुसरे काम किती मोलाचे असते, हे अमेरिकेतील काळ्या लोकांच्या अनुभवावरून कळते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यांची कविता, त्यांची आत्मकथने यांची चर्चा आपल्या नियतकालिकांतून झाली. त्यांचा चित्रपट मात्र आपल्यापर्यंत फारसा पोहोचला नाही.

ऑस्कर मिशो हा एका काळ्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा बाप जन्माने गुलाम होता. मिशोने आधी कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या दारोदार हिंडून विकल्या. १९१९ साली त्याने स्वतःच्याच कादंबरीवर ‘द होमस्टेडर’ हा चित्रपट काढला. पूर्ण लांबीचा चित्रपट करणारा पहिला काळा दिग्दर्शक म्हणून त्याची नोंद होते. १९२० सालच्या ‘विदिन अवर गेट्स’मध्ये त्याने एका काळ्या कुळाच्या कुटुंबाला गोऱ्यांचा जमाव ठार करतो, हे दाखवले. कुळावरचा आरोप खोटा असतो, हेही दाखवले. शिकागोत आदल्याच वर्षी वांशिक दंगल झाली होती. तेव्हा हा चित्रपट दाखवू द्यावा की नाही यावर तेथे मोठा वाद झाला. मिशोने पुढे जवळपास तीन दशके चित्रपट काढले. त्यांची संख्या चाळीसच्या आसपास भरते, आणि त्यांतले बहुसंख्य आज नष्ट झालेले आहेत. ‘विदिन अवर गेट्स’चीही एकच प्रत सापडली, तीदेखील स्पेनमध्ये.

मग नष्ट झालेल्या चित्रपटांविषयी आज जे थोडेबहुत माहीत आहे ते कशामुळे? ‘शिकागो डिफेंडर’सारख्या काळ्यांच्या वृत्तपत्रांमुळे. त्यांनी मिशोच्या चित्रपटांच्या जाहिराती छापल्या, बातम्या दिल्या, कौतुक केले. पुढे काळ्यांच्या वृत्तपत्रांतून त्याच्यावर टीकाही झाली. आपल्याच माणसाचा चित्रपट आहे म्हणून त्याला सूट मिळाली नाही. आजचे संशोधक त्या जुन्या अंकांतून मिशोचा चित्रपट पुन्हा जुळवतात. चित्रफीत गेली, लिहिलेले उरले.

दुसरे उदाहरण चार्ल्स बर्नेटचे. लॉस एंजेलिसमधील विद्यापीठात चित्रपटाचे शिक्षण घेताना त्याने शनिवार-रविवारी चित्रीकरण करून ‘किलर ऑफ शीप’ हा चित्रपट केला. खर्च दहा हजार डॉलरच्या आतबाहेर. वॉट्स या काळ्यांच्या वस्तीत राहणारा, कत्तलखान्यात मेंढ्या कापण्याचे काम करणारा स्टॅन हा त्याचा नायक. त्याला झोप येत नाही, आणि घर काही केल्या वर येत नाही. चित्रपट १९७७-७८ च्या सुमारास पुरा झाला. १९८१ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. १९९० साली अमेरिकेने तो राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या चित्रपटांत घेतला. तरीही सामान्य चित्रपटगृहात तो लागायला २००७ साल उजाडले, कारण त्यातील गाण्यांचे हक्क विकत घ्यायला पैसा नव्हता. ते हक्क घेण्यासाठी मूळ चित्रपटाच्या कितीतरी पट रक्कम मोजावी लागली. मधल्या तीस वर्षांत त्याला जिवंत ठेवले ते वर्गात दाखवणाऱ्या शिक्षकांनी आणि त्यावर लिहिणाऱ्यांनी. बर्नेट, हेली गेरिमा, जुली डॅश अशा एकाच विद्यापीठातून पुढे आलेल्या काळ्या दिग्दर्शकांच्या कामाला ‘लॉस एंजेलिसचे बंड’ हे नाव दिले ते क्लाइड टेलर या काळ्या समीक्षकाने. सुटेसुटे चित्रपट त्या नावामुळे एक परंपरा म्हणून दिसू लागले. नाव देणे हे समीक्षेचे काम असते. आणि आपल्या कामाला आपण नाव दिले नाही तर दुसरा कोणी देतोच.

आता आपल्याकडे वळू.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ साली तयार झाला आणि २०१४ साली महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्याला पदार्पणाच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्यावर भरपूर लिहिले गेले, आणि त्यातील पुष्कळसे एका दगडावर येऊन थांबले. शेवटी जब्या जो दगड भिरकावतो तो प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तो आपल्याला लागला, असे अनेकांनी लिहिले. माझी शंका अशी आहे की दगड लागला असे लिहिणे ही दगड चुकवण्याची सर्वांत सोपी युक्ती आहे. ज्याला लागला त्याने पुढे काय केले, हे त्या लेखनात सापडत नाही. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला शब्द, त्याचा अर्थ डुक्कर, एवढी माहिती बहुतेकांनी दिली. पण कैकाडी कोण? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले त्यांत ही एक. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. विदर्भातील जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत मोडतो आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. एकाच माणसाची ओळख जिल्ह्याची हद्द ओलांडताच बदलते. हे माहीत नसलेला समीक्षक जब्याच्या घराकडे ‘गरीब घर’ म्हणूनच पाहणार. आणि हे केवळ पांढरपेशा समीक्षकाचे अज्ञान आहे, असेही मी म्हणणार नाही. शाळेच्या भिंतीवरील बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज यांच्या चित्रांसमोरून डुक्कर वाहून नेले जाते, त्या दृश्याने आपले लोक हेलावले. परंतु भटक्या-विमुक्तांचे प्रश्न आंबेडकरी चळवळीने किती आपले मानले, हा जो प्रश्न ते दृश्य आपल्यालाच विचारते, त्याची चर्चा आपल्या नियतकालिकांनीही केली नाही. ती चित्रे भिंतीवर आहेत आणि डुक्कर वाहणारी माणसे भिंतीच्या बाहेर आहेत. दिग्दर्शकाने हे आपल्याला पुरेसे स्पष्ट दाखवले होते.

आमच्या घरात हा चित्रपट आम्ही सगळ्यांनी बसून पाहिला. घरातला पहिला पदवीधर मी. माझ्या तोंडी ‘प्रतीक’, ‘प्रतिमा’ असे शब्द होते. आई एवढेच म्हणाली, “त्यानं पोरीचं लगीन काढलंय. मग कुठनं नाही म्हणंल?” कचरूचे सारे लाचार वागणे तिने एका व्यवहारात पकडले. लग्नाचा खर्च अंगावर आहे, म्हणून गावाने सांगितलेले डुक्कर धरणे भाग आहे. बापाला धरावे लागते म्हणून मुलालाही सगळ्या शाळेसमोर धरावे लागते. जातीचा हुकूम पैशाच्या गरजेतून कसा चालतो, याचे हे विश्लेषण मी वाचलेल्या परीक्षणांत मला मिळाले नाही. ते माझ्या न शिकलेल्या आईकडे होते. अशी विश्लेषणे वस्तीवस्तीत रोज बोलली जातात आणि हवेत विरून जातात. त्यांना कागद मिळत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे भारतातर्फे तो ऑस्करसाठी पाठवला गेला. नारायण कांबळे हे वृद्ध लोकशाहीर. त्यांच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्यांना खटल्यात अडकवले जाते. या चित्रपटावरील लेखनात स्थिर कॅमेरा, लांबलेली दृश्ये, न्यायव्यवस्थेचा संथपणा, संयत शैली यांची वाखाणणी झाली. ती योग्यच होती. पण शाहिराविषयी काय लिहिले गेले? आंबेडकरी जलसा ही काय चीज आहे, सत्यशोधकी जलशापासून ती कशी आली, भीमराव कर्डकांसारख्या माणसाने गावोगाव फिरून काय उभे केले, याचा मागमूस त्या लेखनात क्वचितच होता. कांबळे म्हणजे सरकारच्या तावडीत सापडलेला कोणीतरी गाणारा म्हातारा, एवढेच उरले. ही भूमिका करणारे वीरा साथीदार यांचा उल्लेख ‘बिगरव्यावसायिक नट’ असा झाला. साथीदार हे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. २०२१ साली कोरोनाने त्यांचे निधन झाले. जन्मभर जी लढाई ते लढले तीच ते पडद्यावर लढत होते. ज्याला हे माहीत नाही त्याला तो अभिनय ‘सहज’ वाटला.

याच चित्रपटात मृत कामगाराची विधवा साक्ष देते. गटारात उतरण्याआधी नवरा आत खडा टाकून पाहायचा. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचा, असे ती सांगते. २०१३ साली माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा नवा कायदा झाला. २०१४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील प्रत्येक मृत्यूबद्दल कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. या पार्श्वभूमीवर ती साक्ष ऐकली तर तो एका खटल्यातला तपशील राहत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात खरे कोण हवे, हे कळते. आणखी एक गोष्ट. हा चित्रपट वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकीलबाईंच्या घरी जातो, न्यायाधीशांच्या सहलीलाही जातो. शाहिराच्या आयुष्यात मात्र तो फार कमी शिरतो. दिग्दर्शकाची ही मर्यादा की त्याने जाणून ठेवलेले अंतर? यावर वाद व्हायला हवा होता. तो वाद उभा करण्याचे काम आपले होते.

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ चा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. तेथून सुरू झालेले चित्रीकरण चौदा वर्षे चालले. बाजाराचे कोणतेही गणित इतकी वर्षे थांबत नाही. स्वतंत्र चित्रपटच थांबू शकतो. हा चित्रपट आपल्या वस्त्यांत दाखवला गेला, टाळ्या पडल्या, डोळे पाणावले. पण तो आपल्याशी भांडणारा चित्रपट आहे. डाव्या चळवळीने जातीचा प्रश्न कसा टाळला, हे तो विचारतो. आणि आपल्या नेतृत्वाने गोळीबाराच्या नंतरच्या काळात कोणाकोणाशी हातमिळवणी केली, हेही दाखवतो. वस्तीबाहेरच्या दिग्दर्शकाने आपल्याला विचारलेल्या प्रश्नांना आपण लेखी उत्तर काय दिले? मान्य असेल तर मान्य, नसेल तर खोडून काढा. टाळी हे उत्तर होत नाही.

स्वतःचे शब्द नसले म्हणजे काय होते, याचा सर्वांत ढळढळीत पुरावा वेगळ्याच ठिकाणी मिळतो. मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली अवघ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. गाणी, प्रेम, मुलीचा बेधडकपणा यांविषयी उदंड लिहिले गेले. २०१८ साली हिंदीत त्याचा ‘धडक’ झाला आणि त्यातली जात इतकी पुसट झाली की शोधावी लागावी. यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. ‘सैराट’ची ओळख ‘दोन कोवळ्या जिवांची प्रेमकथा’ अशी करून देणाऱ्या लेखनाने ती वाट आधीच साफ केली होती. जात हा कथेचा कणा आहे, असे ठामपणे आणि सतत लिहिले गेले असते तर कणा काढून टाकताना कोणालातरी लाज वाटली असती.

याचा अर्थ आपली समीक्षा म्हणजे आपल्या दिग्दर्शकांची भाटगिरी असावी, असा कोणी घेऊ नये. उलट, गैरसोयीचे प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार आपल्याला आहे. ‘फँड्री’तील शालू ही जब्याच्या डोळ्यांनीच दिसते, तिला स्वतःचे म्हणणे जवळपास नाही. आपल्या मुक्तीच्या कथेत बाईला पाहण्याची वस्तू किती काळ ठेवायचे? २०२२ च्या ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभे राहतात, या दृश्याचे आपल्याकडे फार अप्रूप झाले. हिंदी पडद्यावर ते घडणे लहान गोष्ट नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण झोपडपट्टीतील पोरांना मार्ग दाखवायला बाहेरचा उद्धारकच का लागतो, हा प्रश्न त्या तसबिरीच्या आड दडून गेला. मंजुळे यांच्यासारख्या समर्थ दिग्दर्शकाला असे प्रश्न पेलतात. ते न विचारणे हा त्यांचा अपमान आहे.

असे लिहिणारे अजिबात नाहीत, असेही नाही. ज्योती निशा यांनी २०२० साली बहुजन प्रेक्षकाच्या नजरेची स्वतंत्र मांडणी केली. त्या स्वतः बाबासाहेबांवर माहितीपट करणाऱ्या, त्यासाठी लोकवर्गणी मागणाऱ्या. करणारी आणि लिहिणारी व्यक्ती एकच असणे, हे आपल्या परंपरेला धरूनच आहे. परंतु ही मांडणी इंग्रजीत आहे. ज्या मुलामुलींच्या गावात ‘फँड्री’ घडतो, त्यांच्या हाती ती कधी पडायची?

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. आपल्या प्रत्येक नियतकालिकाने अंकात चित्रपटासाठी चार पाने राखून ठेवावीत. त्यांत गोष्टीचा सारांश आणि ‘जरूर पाहा’ अशी शिफारस नको. पैसा कोठून आला, वितरण कोणाच्या हाती होते, कॅमेऱ्यामागे कोण होते, वस्तीतल्या ज्या माणसांना पडद्यावर घेतले त्यांना मजुरी किती मिळाली, हे विचारून लिहावे. स्वतंत्र म्हणवणाऱ्या चित्रपटालाही हे प्रश्न चुकू नयेत. जयंतीच्या आणि महापरिनिर्वाण दिनाच्या कार्यक्रमांत जेथे चित्रपट दाखवतात, तेथे पाहून झाल्यावर लोक काय बोलले ते एखाद्या विद्यार्थ्याने वहीत उतरवून घ्यावे, तारीख आणि ठिकाण घालून. कुणाला पटले नाही तेही उतरवावे. आपल्या महाविद्यालयांतील मराठीचे शिक्षक कथा-कविता शिकवताना जी मेहनत घेतात, तीच एखाद्या लघुपटासाठी घ्यावी. मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ एका तासिकेत पाहून त्यावर बोलता येते. शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या पोराची ती गोष्ट आहे, आणि आमच्या वर्गात बसलेल्यांपैकी अर्ध्यांच्या घरची आहे.

आंबेडकरी जलशांचे किती प्रयोग झाले, किती गाणी गायली गेली, याची मोजदाद आज कोणाकडे नाही. कर्डकांनी स्वतः पुस्तक लिहून ठेवले म्हणून निदान काही हाती लागते. जलसे करणारे पुष्कळ होते, टिपून ठेवणारे थोडे निघाले. आज कॅमेरा आपल्या मुलांच्या हाती आला आहे. पुढल्या दहा वर्षांत ती पुष्कळ चित्रपट करतील, बरे करतील आणि वाईटही करतील. दोन्हींची नोंद आपल्या भाषेत आणि आपल्या निकषांवर व्हावी. ती करायला लेखणी लागते, आणि ती तर आपल्याकडे केव्हाचीच आहे.